डावी कड

हसूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या दाणाबाजारात, आमच्या पेढीवर, तांदळाच्या नमुन्यांच्या पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. फोन जितेशचा, त्यांच्या मुलाचा. "ताई, बाबा गेले. सकाळीच." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? पण तेवढंच तोंडातून निघालं, आणि मग मी उरलेल्या पुड्यांवरही चिठ्ठ्या चिकटवल्या, एकही चुकली नाही. रडू आलं ते घरी गेल्यावर, भाजी चिरताना. त्यात दुःख होतं तेवढीच लाज होती. सात आठवडे झाले त्याला. लिहून काढ म्हणजे हलकं वाटेल, असं मैत्रिणी म्हणतात. मला हलकं वाटायला नको आहे. पण काय झालं ते हसूकाकांना ओळखणाऱ्यांना माहीत असावं, म्हणून लिहिते.

हसुराम तांडेल हे त्यांचं नाव. सारसोळ्याचे कोळी. नेरूळमध्ये इमारती उठू लागल्या तेव्हा वडिलांच्या होडीवर न जाता त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. पासपोर्ट फोटो, लग्नं, हळदी... आसपासच्या गावांतल्या दोन पिढ्यांच्या हळदी त्यांच्या कॅमेऱ्यातून गेल्या आहेत. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आलेली. चाळिशी उलटल्यावर मला फोटोचं वेड लागलं आणि पहिला कॅमेरा घेतला. मुलीचे पासपोर्ट फोटो काढायला स्टुडिओत गेले, तर माझ्या खांद्यावरचा कॅमेरा बघून त्यांनी विचारलं, "काय काय काढलंस ते दाखव." मला तेच हवं होतं. बाजारातल्या एका हमालाचा, पाठीवर पोतं घेतलेला फोटो मी कौतुकाने पुढे केला. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याला भरपूर अंगठे मिळाले होते. काकांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ह्याचे पाय कुठं हायत?" मी म्हणाले, पाय बसत नव्हते, चेहरा महत्त्वाचा होता. "वजन पायावर येतं गो. पाय कापलेस, आता पोत्यात कापूस हाय असं वाटतंय." मी पैसे देऊन तडक निघाले. पंधरा दिवस त्या रस्त्याने गेले नाही. सोळाव्या दिवशी पहाटे बाजारात जाऊन त्याच हमालाचे पाय काढले, भेगाळलेले, बोटं जमिनीत रुतल्यासारखी, आणि तो फोटो घेऊन स्टुडिओत गेले. त्यांनी पाहिलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "रविवारी दहाला ये. आपला फोटो घेऊन ये, आनि राग घरी ठेवून ये."

रविवारची ती बैठक म्हणजे आम्ही सात-आठ जण, पडदे आणि लाइटच्या छत्र्या बाजूला सारून जमिनीवर अंथरलेली सतरंजी आणि त्यावर मांडलेले प्रिंट. मोबाईलवर फोटो दाखवायला बंदी. ज्याचा फोटो असेल त्याने तोंड उघडायचं नाही, कारण फोटोबरोबर प्रत्येक घरी माणूस पाठवता येत नाही, असं काका म्हणायचे. बाकीच्यांनी आधी सांगायचं, डोळा पहिल्यांदा कुठे गेला. मग सांगायचं, डोळा फोटोतून कुठून बाहेर पडला. आणि शेवटी एकच गोष्ट, जी बदलता येईल. दहा गोष्टी सांगितल्या तर माणूस एकही करत नाही. "छान" म्हणायला परवानगी होती, पण लगेच काका विचारायचे, "कारन?" आणि कारण देता आलं नाही की आपलं आपल्यालाच ओशाळं व्हायचं. सर्वांत पहिला प्रिंट नेहमी त्यांचा असायचा. इतरांची सालं काढायची तर आधी आपण सोलून घ्यायचं.

आणि त्यांना ते सोपं जात होतं असं मुळीच नाही. साठीनंतर ते जितेशकडून कॉम्प्युटरवर एडिटिंग शिकले तेव्हा त्यांच्या आभाळात रोज रंगपंचमी असायची. खाडीवर संध्याकाळ अशी कधी झालेलीच नाही, असं मी एकदा सांगितलं, तर चहा येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी तोच फोटो घेऊन आले, रंग निम्म्याने उतरवलेला, आणि न बोलता माझ्यासमोर ठेवला. मी म्हणाले, "आता चिखलाचा वास येतो." त्यांना इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिलाय. त्यांचा सगळा जीव फोटोच्या कडांवर. मधलं सगळ्यांनाच दिसतं, कडेला कोण उभं आहे ते बघा, हे त्यांचं पालुपद. आभाळातला मोहरीएवढा डागसुद्धा ते पुसून काढायचे. माझ्या फोटोच्या कोपऱ्यात कुणाची चप्पल आली तरी ती प्रिंटवर बोटाने झाकून दाखवायचे.

मागच्या श्रावणात काकी गेल्या. पंचेचाळीस वर्षांचा संसार. काकांनी स्टुडिओला कुलूप घातलं आणि रविवार बंद पडले. दसऱ्यानंतर त्यांनी स्वतःच सगळ्यांना निरोप पाठवला. आम्ही गेलो ते मनाशी ठरवूनच की म्हाताऱ्याला जपायचं. सामंत, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आमच्यातले सर्वांत बोलके गृहस्थ, जिन्यातच मला म्हणाले, "आज काही टोचून बोलू नका हं, उज्ज्वलाताई." मला राग आला नाही. मीही तेच ठरवलं होतं.

काकांनी पहिला प्रिंट मांडला. सारसोळ्याची जेट्टी, ओहोटी, चिखलात कललेली एक होडी. होडी उजवीकडे, आणि डाव्या कडेला एक निळा प्लास्टिकचा ड्रम, अर्धा कापलेला. माझा डोळा पहिल्यांदा त्या ड्रमवर गेला आणि तिथेच अडकला. सामंत म्हणाले, "काका, ही मोकळी जागा काय वापरलीये. रिकामेपण येतं अंगावर." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकींचं रिकामेपण, असंच सगळ्यांच्या मनात. काका माझ्याकडे वळले. "बोल गो." मी त्या ड्रमकडे पाहिलं, त्यांच्या खोल गेलेल्या गालांकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे, काका." ते थांबले. मीही थांबले, "कारन?" येईल म्हणून. ते आलं नाही. त्यांनी प्रिंट उचलला आणि पुढच्याचा नंबर लावला.

त्यानंतर दिवाळी गेली, थंडी आली, आणि दर रविवारी डावी कड बिघडत गेली. कधी कुणाचं कोपर, कधी विजेच्या तारेचं भेंडोळं, कधी मागचा अर्धाच कुत्रा. आभाळाच्या उजव्या अर्ध्यात एक डाग नाही आणि डाव्या अर्ध्यात तीळ शिंपडल्यासारखे डाग. आम्ही त्याला त्यांची नवी शैली म्हणू लागलो. मला आत कुठेतरी माहीत होतं की ही शैली नाही. मला वाटलं, मन लागत नाही, हात ढिला पडलाय, होईल हळूहळू. एवढा मोठा माणूस, त्याला मी काय सांगणार, असंही स्वतःला समजावलं. खरी गोष्ट ही की सांगायला धीर लागतो आणि मी तो केला नाही.

डिसेंबरात गावच्या मंडळाने त्यांच्या फोटोंचं कॅलेंडर काढायचं ठरवलं. फाईली प्रेसला द्यायचं काम माझ्याकडे आलं. बाराच्या बारा फोटो घरी उघडून बसले, आणि हे असं छापलं तर लोक हसतील, या विचाराने जीव कासावीस झाला. त्यांना फोन करून सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर प्रत्येक फोटोची डावी बाजू दोन-दोन बोटं कापून टाकली. ड्रम गेला, कोपर गेलं, कुत्रा गेला. उरलेले डाग पुसले. आणि कुणाला काही न बोलता फाईली पाठवून दिल्या. कॅलेंडर आलं, काकांनी पानं उलटली आणि म्हणाले, "बरं छापलंय." माझा जीव भांड्यात पडला. ज्या माणसाला केसाएवढा फरक कळायचा त्याला बाराही फोटो कापलेले कळले नाहीत, हे कसं... हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. मी सुटले होते, आणि सुटलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ते जेट्टीच्या पायऱ्यांवरून पडले, डाव्या अंगाला. जितेशने हॉस्पिटलात नेलं. तपासण्यांत मेंदूच्या मागच्या भागात, उजव्या बाजूला, गाठ निघाली. मी तिथेच होते. डॉक्टरांनी विचारलं, "यांना डावीकडचं दिसत नाही, हे कधीपासून?" जितेश गोंधळला. बाबा तर सगळं करत होते, जेवत होते, फोटो काढत होते. डॉक्टर म्हणाले, "पेशंटला स्वतःला कळतच नाही. त्याच्या लेखी ती बाजू नसतेच. बरोबरच्या माणसांच्या आधी लक्षात येतं. चार-पाच महिने आधी आला असतात तर करण्यासारखं बरंच होतं." मी भिंतीला टेकून उभी होते. कधीपासून, हे त्या खोलीत फक्त मला सांगता आलं असतं, फोटोनिशी.

ऑपरेशनच्या आधी चार दिवस ते शुद्धीत, अगदी नेहमीसारखे होते. मान पूर्ण डावीकडे वळवून बघायचं, असं त्यांना तिथे शिकवलं होतं. त्यांनी मला फर्मान सोडलं, "दसऱ्यापासूनचे माझे प्रिंट आन. ते कॅलेंडर पन आन." मी नेले. सापडले नाहीत असं म्हणता आलं असतं, पण तेवढा खोटेपणा आता उरला नव्हता. पलंगावर बसून, मान वळवून वळवून, त्यांनी एकेक फोटो पाहिला. ड्रम पाहिला. कोपर पाहिलं. कुत्र्यावर तर किती वेळ बोट ठेवून होते. मग कॅलेंडर उघडलं, जानेवारीचं पान प्रिंटशेजारी धरलं, आणि मान दोनदा इकडून तिकडे फिरवली.

"हे कोनी कापलं?"

"मी, काका."

ते बारा महिने उलटत गेले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मी आज जरा बरी असते. त्यांनी कॅलेंडर मिटलं आणि अगदी रविवारच्या आवाजात म्हणाले, "कापलंयस नीट. जिथं कापायचं तिथंच कापलंस... पन मना सांगायचं होतंस ना गो."

कापलेला फोटो आता माझा होता, आणि ज्याचा फोटो त्याने तोंड उघडायचं नसतं.

ऑपरेशननंतर ते नीट शुद्धीवर आलेच नाहीत. वैशाखात गेले. दहाव्याला मी जितेशला सगळं सांगितलं, ड्रमपासून कॅलेंडरपर्यंत. तो म्हणाला, "असू द्या ताई. त्यांना स्वतःला कळलं नाही, तुम्हाला काय कळणार होतं?" भला मुलगा आहे, मला सांभाळून घेत होता. मला मात्र स्पष्ट कळत होतं की हा आत्ता माझ्याशी तेच करतोय जे मी त्याच्या बापाशी केलं. मी हात जोडले आणि निघाले. त्याने मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी त्या जन्मभर जपल्या असत्या.

रविवार आता सामंतांच्या फ्लॅटवर भरतो. मी महिनाभर गेले नाही. गेल्या रविवारी गेले, हातात एक प्रिंट घेऊन. काका गेल्यानंतरचा माझा पहिला फोटो. टेबलावर मांडला आणि नियमाप्रमाणे गप्प बसले. सगळे बघत राहिले. कुणीतरी घसा खाकरला. सामंतांनी बायकोला चहाचं विचारलं, मग चष्मा पुसला, आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "छान आहे हो, उज्ज्वलाताई." बाकीच्यांनीही मान हलवली. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. त्यांनी जिन्यात काहीतरी ठरवलं होतं.

तो फोटो मी घरी आणून कपाटाला टेकवून ठेवला आहे. कामावरून आले की त्याच्यासमोर बसते. मान डावीकडे वळवते, उजवीकडे वळवते, चारही कडांवरून बोट फिरवते. त्यात काहीतरी चुकलेलं आहे, एवढं सामंतांच्या आवाजावरून कळलं. काय चुकलंय, ते मला दिसत नाही.