दारातलं प्रीतिभोजन

“रडून झालं? चल, आता भात लावू.”

शेजारच्या मावशी हे अशा काही सुरात म्हणायच्या, की समोरच्याला रागवावं की हसावं तेच कळू नये. सिल्वासाच्या टोकरखाड्याला आमच्या चाळीत कुणाकडे काही वाईट घडलं की त्या येऊन शेजारी बसायच्या. पोटभर रडू द्यायच्या, आणि मग पदर खोचून त्याच घरात तांदळाचा डबा शोधायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माझी पहिली नोकरी हुकली तेव्हा आमच्याकडेही त्या आल्या. “कॉलेजवालीचं नाक पण आमच्यासारखंच गळतं गं,” आईला म्हणाल्या, आणि कुकर चढवला.

त्या नवापूरकडच्या, धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला. नवरा त्याच कंपनीत मशीनवर. आम्ही धुळ्याकडचे हिंदू, त्या ख्रिस्ती, पण मधली भिंत एकच. रविवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीत प्रार्थनेला त्यांची ख्रिस्ती मंडळी जमायची. पंधरा-वीस माणसं, एक ढोलकी, आणि चपलांचा ढीग आमच्या दारापर्यंत. त्यांची गाणी माझ्या आईलाही पाठ झाली होती.

मग मावशींच्या नवऱ्याला, आमच्या काकांना, तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला. बोलणं बंद, जेवण नाकातल्या नळीतून. पुढे डॉक्टरांनी “घरी न्या” म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ आमच्या चाळीत लहान पोरांनाही कळतो. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. कुणी आलं की चादर डोक्यावर ओढायचे.

“बरा कर म्हणून आता मागत नाही,” मावशी आईला म्हणाल्या. “जायच्या आधी एकदा माणसांकडे तोंड करून बसू दे, एवढंच मागते.”

नाताळच्या आधीच्या रविवारी मंडळीचं प्रीतिभोजन असायचं. सगळ्यांनी मिळून रांधायचं, एका पंगतीला बसायचं. मावशी म्हणाल्या, यंदा आमच्या दारात. मंडळीत ‘वडील’ म्हणून मान असलेले एक म्हातारे चाचरले.

“बाई, ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, त्याच्यासमोर आम्ही मटण खायचं?”

“उद्या तो मेला की याच दारात बसून चहा प्याल ना? मग जिवंत आहे तोवर जेवा. एक नाकपुडी मोकळी आहे त्याची.”

पंगत बसली. दार उघडं, आत काका पाठमोरे. प्रार्थना झाली, गाणं झालं, पण गाण्यात जीव नव्हता. घास कुणीच उचलेना. तेव्हा मावशींनी रश्श्याचं पातेलंच उचललं आणि आत नेऊन काकांच्या पाठीशी ठेवलं.

“हुंग आणि सांग. काय बिघडलंय?”

मग काका हळूहळू वळले. हुंगलं. कपाळाला आठ्या घातल्या, दोन बोटांनी लसूण सोलल्यासारखं केलं आणि चटका बसल्यासारखा हात झटकला.

“बघा!” मावशी दारात येऊन ओरडल्या. “लसूण जळाला म्हणतो! मरायला टेकलाय, तरी माझ्या रश्श्याला नावं ठेवतो!”

पंगतभर हसू फुटलं. आतून घरघर ऐकू आली. काका हसत होते. त्यांनी हात वर केला, तसं दोघांनी धरून त्यांना उंबऱ्यापाशी आणलं. तोंडाला पंचा गुंडाळून ते बसले आणि भाताच्या पातेल्याकडे बोट केलं.

त्या दिवशी भात त्यांनी वाढला. शितं सांडत होती, पण एकही ताट त्यांनी दुसऱ्याला वाढू दिलं नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. मला चारचौघांत बोलता येतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण काकांनी माझ्या ताटात भात वाढला, तेव्हा मला “बस” एवढंही म्हणता आलं नाही.

मावशी चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत काका गेले. मूठमाती गावीच द्यायची ठरली. टेम्पोत पेटी, पेटीभोवती दाटीवाटीनं मंडळी, पुढे ड्रायव्हरशेजारी मावशी. त्या पुन्हा सिल्वासाला आल्या नाहीत. त्यांच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे.

टेम्पो निघाला तसं मागच्यांनी गाणं धरलं. “मयताला गाणं?” चाळीतलं कुणीतरी कुजबुजलं. मावशींचा आवाज रडून रडून बसला होता, त्यांना गाता येत नव्हतं. पण खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि दाराच्या पत्र्यावर ताल धरायला लागला. पुढे गाणं विरलं. हात मात्र वळणापर्यंत पत्र्यावर पडताना दिसत होता.