एका ‘मारलं’पायी

आमच्या शेजारच्या बापूकाकांना दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगायची भारी हौस. शब्द तर सोडाच, मधला खोकलासुद्धा ते गाळत नसत. अमडापूरच्या बाजारात दोन बायांचं भांडण झालं, की संध्याकाळी आमच्या ओट्यावर ते दोघींच्याही आवाजात ऐकायला मिळे. ‘‘मी आपल्याजवळचं एक अक्षर घालत नाही,’’ असं वर ऐटीत सांगत.

ही हौस किसनाला नडली. किसना त्यांचा शेतशेजारी. एकदा दिवस मावळताना काकांना किसनाच्या पलीकडच्या शेतातला नामदेव भेटला, गालावर पाच बोटं उमटलेली. पुढे बांधावर किसना उभा होता. ‘‘काऊन बे, नामदेवले कोनं मारलं?’’ काकांनी विचारलं. ‘‘मीनंच मारलं. माह्यं पानी तोडलं त्यानं,’’ किसना म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेव नाल्यात मेलेला सापडला, डोकं फुटलेलं. पाहिलेलं कोणीच नव्हतं.

किसनावर खुनाचा खटला भरला. सेशन कोर्टात काका साक्षीला उभे राहिले. वळ, बांध, पाणी, सगळं ते पहिल्यापासून सांगू लागले, तर सरकारी वकिलांनी थांबवलं. किसना काय म्हणाला तेवढंच सांगा म्हणाले. काकांनी घसा साफ केला आणि हुबेहूब किसनाच्या आवाजात म्हणाले, ‘‘मीनंच मारलं.’’ गावाहून गेलेले आम्ही लोक कौतुकानं एकमेकांकडे पाहत होतो. सांगायलाही लाज वाटते.

आमच्याकडे पोराला मारतात, बैलाला मारतात. जीव घेतला तर ‘मारून टाकलं’ म्हणतात. जजसाहेब इंग्रजीत उतरवून घेत होते, तिथं काकांच्या ‘मारलं’चं ‘ठार मारलं’ झालं. किसनाच्या वकिलानं काही विचारलं नाही. जन्मठेप झाली.

आपल्या ‘मारलं’चा कोर्टानं काय अर्थ घेतला ते कळलं, तेव्हा काका एस.टी.नं मेहकरच्या वकिलाकडे धावले. मीही बरोबर होतो. साक्षीच्या वेळीच का नाही बोललात, असं वकिलांनी विचारलं. काका खाली मान घालून म्हणाले, ‘‘मले बोलू देल्लं नाही, हे खरं. पन मीबी खूश होतो साहेब. आवाज बराबर निघाला ना.’’

अपील फेटाळलं गेलं. किसनानं नंतर गाठून नामदेवाला संपवलं असेल का? मला माहीत नाही, काकांनाही नव्हतं. पण ज्या शब्दावर तो आत गेला, तो थोबाडीत मारल्याचा होता. काकांनी नकला सोडल्या. अमका काय म्हणाला असं कोणी विचारलं, तर ‘‘त्यालेच इचार,’’ म्हणून उठून जात.

किसना सुटला तेव्हा म्हातारा झाला होता. गावात आला तो आधी काकांच्या घरी. काका भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानं पाणी मागितलं, प्याला. जाताना म्हणाला, ‘‘तू खोटं थोडंच बोलला बापू? मी बोललो तेच तू सांगतलं.’’

त्या दिवशी त्यानं चार शिव्या घातल्या असत्या, तर काका गावात पुन्हा मान वर करून फिरले असते. आम्हीही.