फक्त उभं राहायचं

माझा चेहरा मी निवडलेला नाही. सहा फुटांच्या वरची उंची आजोबांकडून आली, रंग आईकडून, आणि कपाळावरची खोक लहानपणी चिंचेवरून पडल्याची. मिशी तेवढी माझी मी ठेवली, कारण ती काढली की बायकोला हसू आवरत नाही. या सगळ्यातून समोरच्याला जो दांडगट माणूस दिसतो, त्याची नि माझी काडीची ओळख नाही.

मी मूळचा धाराशिवकडचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर भिंगाखाली इवलेसे वॉशर बघत बसतो. इथे इंटरव्ह्यूला आलो तेव्हा गेटवरच्या माणसाने काही न विचारता मला सिक्युरिटीच्या भरतीच्या रांगेत उभं केलं होतं. चिंचवड स्टेशनबाहेरचे रिक्षावाले माझ्याशी घासाघीस करत नाहीत. "द्या भाऊ, काय द्यायचं ते," म्हणतात, आणि मग भिडेखातर मीच जास्त देतो. चऱ्होलीत फ्लॅट बघायला गेलो तर बिल्डरच्या ऑफिसात सगळे खुर्चीवरून उठले. जमीन विकून आलेला कुणी गुंठामंत्री समजले असणार. खरं सांगायचं तर मी पालीला घाबरतो. घरात पाल निघाली की मी पलंगावर आणि बायको झाडू घेऊन तिच्यामागे, असा आमचा संसार आहे.

सोसायटीत माझं नाव पडलं पैलवान. कुस्तीचा फड मी फक्त जत्रेत पाहिलाय, तोही लांबून. पण आमचे चेअरमनकाका बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबी गृहस्थ. माझा उपयोग त्यांनी बरोबर हेरला. उन्हाळ्यात टँकरवाला दांड्या मारायला लागला तेव्हा ते मला घेऊन गेले. "पैलवान, तुम्ही बोलू नका. फक्त मागे उभे राहा," म्हणाले. मी उभा राहिलो आणि टँकर वेळेवर यायला लागला. मग लिफ्टवाला झाला, केबलवाला झाला. खोटं कशाला बोलू, मलाही गंमत वाटायची. फुकटचा रुबाब कुणाला नको असतो?

अशाच एका रविवारी सकाळी काका दारात आले. आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते. एकटीच असते, हिंजवडीला आयटीत आहे.

"रात्री दोन-दोन वाजता गाडी सोडायला येते हो तिला," काका म्हणाले. "ड्रायव्हर रोज वेगळा. आपली फॅमिलीवाल्यांची सोसायटी आहे. महिनाअखेर घर खाली करा, एवढंच सांगायचंय. तुम्ही फक्त..."

"उभा राहतो," मी सवयीने म्हणालो.

बायको आतून बाहेर आली. "काय करायलात तिथं जाऊन? सेकंड शिफ्टची बस तुम्हाला बी मध्यरात्रीच सोडती की. त्या बसचा डायवर तरी रोज एकच असतो का?"

मी हो-हो करत चप्पल घातली.

मुलीने दार उघडलं तेव्हा तिचे हात कणकेने भरलेले होते. काकांनी अगदी गोड भाषेत घर सोडायला सांगितलं. गाडी कंपनीची आहे, कामाच्या वेळाच तशा आहेत, असं तिने समजावून सांगितलं. मागच्याच वर्षी एक घर अशाच कारणाने सोडावं लागलंय, आता कुठे सामान लागलंय, म्हणाली.

"ते सगळं खरं आहे हो," काका म्हणाले, "पण लोकांना उत्तर आम्हाला द्यावं लागतं."

मग तिने माझ्याकडे बघितलं. एरवी माझ्याकडे बघून लोक नजर खाली घालतात. तिने घातली नाही.

"दादा, हे घर मी तुमच्यामुळे घेतलं," ती म्हणाली. "आम्ही बघायला आलो तेव्हा तुम्ही खाली पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होता. आई सोबत होती. ती म्हणाली, असा माणूस बिल्डिंगमध्ये आहे ना, मग मला घोर नाही. तुझ्या दारात यायची कुणाची हिंमत व्हायची नाही."

आणि आज त्या दारात मीच उभा होतो.

मला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. जन्मभर लोक मला बघून रस्ता बदलत आलेत. कुठल्या गावची कोण ती माउली, मला बघून लेकीला इथे एकटी सोडून निर्धास्त परत गेली होती.

"त्या कुठंच जाणार नाहीत, काका," मी म्हणालो. माझा आवाज बारीक आहे. कोण बोललं म्हणून काका जिन्याकडे बघायला लागले.

"अहो पैलवान, तुम्ही कशाला मध्ये..."

"माझी बस बी रात्रीच येती. आधी मला काढा, मग त्यांना." राग आला की माझी इथली भाषा गळून पडते. "आणि कमिटीत कुणाला काही म्हणायचं असंल तर माझ्या घरी या. मी बसलेलाच आहे."

काका लिफ्टची वाटही न बघता जिन्याने उतरून गेले.

ती कणकेचे हात तसेच धरून उभी होती. मलाही जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"तेवढं आईंना सांगू नका," मी कसंबसं म्हणालो, "मी आज कुणाबरोबर आलो होतो ते."