पोकरच्या चाळीस वड्या

दर रविवारी सकाळी शनिवार पेठेत, माझ्या घरी, आम्ही चौघं पोकर खेळतो. हडपसरचे तुपेअण्णा, निवृत्त इंजिनिअर केळकर, शब्बीरभाई आणि मी. पैसे लावत नाही. कोण जिंकलं ते सोमवारी कुणाला आठवत नाही, पण वड्यांच्या भानगडी सगळ्यांना पाठ आहेत. कुणी नवा माणूस चहाला आला की एक तरी निघतेच.

वड्या म्हणजे पोकरचे प्लाक. गोल चिपांपेक्षा जास्त किमतीचे, चौकोनी, अ‍ॅक्रिलिकचे, साबणाच्या लहान वडीएवढे. अण्णांच्या मुलीने परदेशातून चाळीस आणले. प्रत्येकावर तिकडच्या जुगारखान्याचं सोनेरी नाव. केळकर म्हणाले, "जिथे पाय ठेवला नाही तिथली पाटी माझ्यासमोर नको." म्हणून नावं पुसून वड्या घरीच रंगवायचं ठरलं.

*

नाव पुसायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मी हिचा नेलपेंट रिमूव्हर कापसावर घेतला आणि घासला. नाव गेलं, चकाकी गेली आणि वडीला बारीक भेगा पडल्या. अ‍ॅसिटोनने अ‍ॅक्रिलिक खराब होतं हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे.

हिने वडी उजेडात धरून पाहिली. "तुमच्या वर्गातली मुलं पास कशी व्हायची हो?"

बाकीची नावं पॉलिश पेपरने पाण्यात घासून काढली आणि हौसेने सगळ्या वड्या पुन्हा चकचकीत केल्या.

*

त्या चकचकीत वड्यांवर रंग काही टिकेना. दोन डाव झाले की बोटांना यायचा. एकदा मी वड्या ओट्यावर विसरलो, तर भांडी घासायला येणाऱ्या सुनंदाबाईंनी त्या भांड्यांबरोबर तारेच्या घासणीने घासून पालथ्या घातल्या. सगळ्यांवर ओरखडे. मी हळहळलो. नाइलाजाने तशाच रंगवल्या, तर रंग असा बसला की नखानेही निघेना.

रंगाआधी वडी खरखरीत करायची, हे इंजिनिअरला सुचायला हवं होतं, असं मी केळकरांना म्हणालो.

"सुचलं होतं. विचारलं कुणी?"

*

रंग लवकर वाळावा म्हणून अण्णांनी दहा वड्या घरी नेऊन ओव्हनमध्ये ठेवल्या. बाहेर आल्या त्या कडा वळलेल्या. सूनबाई शांतपणे म्हणाली, "अण्णा, पापड भाजायचे होते तर मला सांगायचं ना."

*

वड्यांवर रुपये लिहायचे नाहीत, ही अण्णांचीच सूचना. गुंठा, अर्धा एकर, एकर असं लिहू म्हणाले. तसंच लिहिलं.

अण्णांची हडपसरला चार एकर जमीन होती, उसाची. तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्या फाटकावर अण्णांना नाव लिहून आत जावं लागतं. एका रविवारी त्यांनी हातातल्या पत्त्यांच्या दोन जोड्यांवर शेवटचा एकर लावला आणि हरले. अण्णांनी वडी माझ्याकडे सरकवली.

"ह्यो एकर तरी पुढच्या रविवारी परत मिळंल."

*

शब्बीरभाईंचं बुधवार पेठेत पितळी पाट्यांचं दुकान होतं. अक्षरं हाताने कोरायचे. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि पुन्हा अवजाराला हात लावला नाही.

मागच्या वर्षी काचबिंदूने केळकरांची नजर गेली. त्यांनी यायचं बंद केलं. फोन केला की गुडघ्याचं कारण सांगायचे. शब्बीरभाई सगळ्या वड्या पिशवीत भरून घरी घेऊन गेले.

तीन रविवारांनी ते आले ते केळकरांना रिक्षात घालूनच. पत्ते आम्ही खेळतो, वड्या तुम्ही सांभाळायच्या, असं त्यांना वाटेत सांगून झालं होतं. केळकर पडलेल्या चेहऱ्याने खुर्चीत बसले. शब्बीरभाईंनी पिशवी त्यांच्यापुढे ओतली. प्रत्येक वडीच्या कडेला कानशीने खाचा पाडल्या होत्या. गुंठ्याला एक, अर्ध्या एकराला दोन, एकराला तीन.

केळकरांनी एक वडी उचलली. कडेवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"शब्बीरभाई, तिसरी खाच वाकडी आहे."

"दिसली?"

"दिसली," केळकर म्हणाले.