दोरीच्या टोकाला सप्टेंबर

आमच्या ह्यांना समुद्र फार आवडतो, पण अंशांत. लोक समुद्राला निळा म्हणतात, अथांग म्हणतात; हे खिडकीतून बाहेर बघून म्हणतात, "आज एकोणतीस." नोकरीच तशी होती. आखातात खोबरजवळ समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना होता आणि आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानावर लक्ष ठेवणं हे ह्यांचं काम. घरीही एक काचेचा थर्मामीटर असायचा. तो आंघोळीच्या बादलीत जाई, पिठल्यात जाई, आणि एकदा मी तापाने फणफणले होते तेव्हा माझ्या काखेतही आला. "हा समुद्राचा आहे ना?" मी विचारलं. "धुतलाय," हे म्हणाले.

मी रत्नागिरीकडची. समुद्र माझ्या माहेरच्या मागच्या दाराशी. रात्रंदिवस त्याची गाज, भिंतींना त्याची खार, ताटात त्याची मासळी. पण घरातल्या मुलींनी घोट्याच्या वर भिजायचं नाही. भाऊ विहिरीत पोहायला शिकले. कमरेला सुका भोपळा, पोटाला दोर, दोराचं दुसरं टोक काठावर काकांच्या हातात. आणि काकांच्या शेजारी मी, टॉवेल घेऊन. कितीतरी उन्हाळे मी फक्त टॉवेल धरले. तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आयुष्यात एकदा तरी समुद्रात गळ्यापर्यंत जायचं. नवरा समुद्रकाठी नोकरीला आहे असं कळलं तेव्हा मी चहाचा ट्रे खाली ठेवायच्या आधीच मनात होकार देऊन टाकला होता.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी विषय काढला. हे म्हणाले, "जाऊ की. योग्य मोसमात."

तो योग्य मोसम कधी, हे समजून घेण्यात माझ्या संसाराची पहिली तीन वर्षं गेली. ऑगस्टात खोबरचं पाणी चौतीस. "हा समुद्र नाही, कढण आहे," हे म्हणत. फेब्रुवारीत सतरा. "न्यूमोनिया होईल." एप्रिलमध्ये पाणी छान होई, पण तेव्हा नेमकी कारखान्यात मशीनं उघडलेली असत आणि हे घरी फक्त झोपायला येत. नोव्हेंबरही छान असायचा. नोव्हेंबरात काय आड आलं ते मला आज आठवत नाही, पण काहीतरी आलंच.

मग एक दिवस हे खोबरच्या ट्रॅव्हल एजंटाकडून सायप्रसचं रंगीत माहितीपत्रक घेऊन आले. भूमध्य समुद्र! आणि मला सगळी बाराखडी शिकवली गेली. मे महिन्यात तिथे ऊन कडक असतं, पण पाण्यापर्यंत ती बातमी अजून पोचलेली नसते. जूनमध्ये पाणी विचार करत असतं. जुलैत गर्दी. आणि सप्टेंबर! सप्टेंबर म्हणताना ह्यांचा आवाज देवघरात शिरल्यासारखा होई. "समुद्र उन्हाळाभर ऊन साठवतो. जमीन लगेच तापते, लगेच निवते. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. त्यामुळे सप्टेंबरात हवा गोड, गर्दी ओसरलेली आणि पाणी सव्वीस-सत्तावीस. त्याच्या खाली जायचंच नाही. फार तर पंचवीस."

"आणि तुम्ही येणार ना पाण्यात?"

"आधी पंचवीस तर होऊ दे," हे म्हणाले.

सप्टेंबरची तिकिटं ठरली. मी चोरून दोन पंजाबी ड्रेस शिवून घेतले, पाण्यात तरंगणार नाहीत अशा जाड कापडाचे. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला शेजारच्या देशात रणगाडे शिरले. मोसमाची एवढी अचूक गणितं मांडणाऱ्या माणसाच्या गणितात रणगाडे तेवढे राहून गेले होते. त्या सप्टेंबरात सायप्रसला पाणी सत्तावीस होतं, असं हे आजही सांगतात. आम्ही खोबरला खिडकीच्या काचांना चिकटपट्ट्या लावत होतो आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन भरून ठेवत होतो.

जानेवारीत खरोखरच लढाई लागली. सायरन वाजला की आम्ही न्हाणीघरात बसायचो, गॅस मास्क घालून, समोरासमोर, दोन हत्तींसारखे. ह्यांचं मास्कआडून बोलणं कळत नसे, पण बोटं दाखवून ते मला बादलीचं तापमान सांगत. मग समुद्रात तेल आल्याची बातमी आली, कारखान्यात धावपळ उडाली आणि कंपनीने सांगितलं, बायकांना भारतात पाठवा. आमच्या जवळच्या विमानतळावर लढाऊ विमानं होती, म्हणून विमान पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या जेद्दाहून.

भारतात म्हणजे सासरी. सासरही समुद्रकाठी, पण तिथे सून समुद्रात गळ्यापर्यंत गेली असती तर अख्खं गाव काठावर जमलं असतं आणि जीव का देतेयस म्हणून माझी समजूत घालत बसलं असतं. म्हणजे जे काय व्हायचं ते विमानात बसायच्या आधी. लढाईचा निकाल काय लागतो याची चिंता सगळ्या जगाला होती. मला ही चिंता होती.

आमच्या शेजारी दापोलीकडचं एक मुसलमान जोडपं होतं. त्या बाईंना मी आपा म्हणायची. त्याही भारतात निघाल्या होत्या. त्यांचा भाऊ जेद्दाच्या वर थुवालला मच्छीमारांना बर्फ पुरवायचा. थुवाल तेव्हा साधं कोळ्यांचं गाव, विद्यापीठ वगैरे सगळं पुढचं. विमानाला दोन-चार दिवस होते, ते भावाकडे काढायचे ठरले. आपांच्या यजमानांच्या गाडीतून आम्ही चौघं निघालो. टपावर बॅगा, बॅगांवर नायलॉनची दोरी, डिकीत पाण्याचे कॅन. अख्खं वाळवंट ओलांडून पोचलो, तर घराच्या मागच्या दाराशी समुद्र! माझ्या माहेरासारखाच. फरक एवढाच की इथे मला टॉवेल धरायला लावणारं कोणी नव्हतं.

ह्यांनी बूट न काढता थर्मामीटर पाण्यात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"किती?" मी विचारलं.

"तांबडा समुद्र आहे हा. वेगळा असतो."

"किती, अहो?"

"पंचवीस," हे पुटपुटले. जानेवारीअखेर! भूमध्य समुद्राचा सप्टेंबर स्वतःहून इथे येऊन मागच्या दाराशी उभा होता आणि ह्यांना आता कुठला महिना पुढे करावा ते सुचेना.

"वारा आहे पण," हे म्हणाले.

आपा दारातून ऐकत होत्या. "भाऊजी, वाऱ्याचं सोडा. तिला पोहता येतं का?"

"नाही," हे विजयी स्वरात म्हणाले.

"मग शिकवू या. खाडीकाठची आहे मी, तिसऱ्या-शिंपल्या काढायला कमरेभर पाण्यात उभी राहायची. भोपळा आणा."

"थुवालला भोपळा कुठून आणू?"

आपा आत गेल्या आणि रिकामे झालेले पाण्याचे दोन कॅन घेऊन आल्या. झाकणं घट्ट पिळली आणि मला म्हणाल्या, "हे घे गो, तुझे भोपळे."

वेळ त्यांनीच काढली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी जुम्म्याच्या नमाजाला गावातले झाडून सगळे पुरुष मशिदीत. गावभर मोकळा पुरुष एकच, तो म्हणजे आमचे हे. तेव्हा त्यांनाच पहाऱ्यावर बसवायचं. मी भिजलेली आपल्या नवऱ्याला दिसले तर चालणार होतं, पण आपाही पाण्यात येणार होत्या, बुरखा काढून. म्हणून ह्यांनी पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं, मागे वळून बघायचं नाही. टपावरची दोरी सोडून तिचं एक टोक माझ्या पोटाला बांधलं, दुसरं ह्यांच्या हातात दिलं.

"बघायचंच नाही, तर ही बुडाली की तरंगली ते मला कळणार कसं?" ह्यांनी विचारलं.

"हाक मारा," आपा म्हणाल्या.

तर चित्र असं. समोर रिकामं गाव. काठावर हे, पॅन्ट-शर्ट आणि बूट घालून, गावाकडे तोंड करून, पाठीमागे दोन्ही हातांत दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मी, जाड कापडाचा सायप्रसचा पंजाबी ड्रेस, काखांत दोन कॅन. आणि आपा माझ्या हनुवटीखाली हात धरून ओरडतायत, "पाय मार गो! काय पीठ मळतेस?"

"आहेस का?" हे दर मिनिटाला विचारत.

"आहे!"

"पाणी गार आहे?"

"या ना, बघा!"

यावर काठावरून दोरी तेवढी ताणली जाई. ह्यांना पोहता येत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. जो माणूस बादलीचंही तापमान घेऊन मग तांब्या बुडवतो, त्याला मी तसं कधी बोलून दाखवलं नाही. बायकोने एवढं तरी करावं.

थोड्या वेळाने आपांनी मला उताणं केलं. "आता काही करू नको. नुसती पड." मी पडले. कान पाण्याखाली गेले आणि सगळं बंद झालं. लढाई नाही, सायरन नाही, ह्यांची हाक नाही. वर फक्त आभाळ. गळ्यापर्यंत जायचं ठरवलं होतं, आणि इथे तर समुद्राने मला वरच्या वर धरलं होतं. मी हसायला लागले, तर तोंडात खारं पाणी गेलं. तेही मला आवडलं.

वर काय चाललं होतं ते आपांनी नंतर विमानात मला करून दाखवलं. ह्यांनी हाक मारली, "आहेस का?" उत्तर नाही. पुन्हा मारली. आपा मुद्दाम गप्प, तोंडावर ओढणी दाबून. वळायचं तर नाही, शब्द दिलेला. म्हणून ह्यांनी बूट, पॅन्ट, शर्ट, सगळ्यासकट मागे पाऊल टाकलं. गावाकडे तोंड तसंच. दोरी कमरेभोवती गुंडाळत, एकेक पाऊल मागे, घोटा, गुडघा, कंबर. पोहता न येणारा माणूस उलटा चालत समुद्रात शिरत होता.

मला एवढंच कळलं की माझं डोकं कशावर तरी आपटलं. बघते तर ह्यांची पाठ. पाणी त्यांच्या छातीपर्यंत.

"आहेस का?" समोर बघतच ह्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं आणि मागून त्यांचे खांदे धरले. धरल्यावर ते जरा स्थिरावले. मग आम्ही तसेच उभे राहिलो, मी, हे, आणि दोन कॅन. वाळूचा तळ पायाखालून थोडा थोडा सरकत होता.

"थर्मामीटर कुठाय?" मी विचारलं.

"काठावर राहिला."

"आणू?"

"राहू दे गं," हे म्हणाले.

तेवढ्यात आपा ओरडल्या, "नमाज सुटली! पळा!" मी पोटाची दोरी सोडली आणि आम्ही बायका धडपडत घरात घुसलो. पण हे पाण्यात बूट जड झाल्यामुळे मागे राहिले, आणि कमरेला दोरी गुंडाळलेले, निथळत बाहेर येत असतानाच आपांचे यजमान मशिदीतून परतले.

"भाऊ, हे काय?" ते बघतच राहिले.

ह्यांनी ओल्या हाताने चष्मा सारखा केला. "पाण्याचं तापमान घेत होतो," ते म्हणाले.

थर्मामीटर तिथेच काठावर होता. कोरडा.