बैलाच्या वरच्या दातांचं अपील

निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत मी धाराशिवला वकिली करत होतो. बेंबळीचा एक शेतकरी माझ्याकडं अपील घेऊन आला. कळंबच्या बाजारात त्यानं कचेरीतून पेन्शनीत निघालेल्या एका पेशकारांना चारदाती, तरणा खोंड विकला होता. पेशकारांनी घरी नेऊन त्याचा ओठ उचलला, तर वर पुढं एकही दात नाही! म्हातारा बैल तरणा म्हणून गळ्यात मारला, अशी त्यांनी फिर्याद केली. खालच्या अदालतीनं पंचनामा करवला. वर पुढं दात नाहीत, यावर चार शेतकऱ्यांनी अंगठे उठवले. खालच्या दातांचं त्यांना कुणी विचारलंच नाही. आरोपी मात्र भर अदालतीत हसला. मॅजिस्ट्रेटांनी तो निर्ढावलेपणा मानला आणि फसवणुकीबद्दल तीन महिने कैद ठोठावली. आता तो जामिनावर होता.

निकालाचं उर्दू देखणं होतं. मी त्यात कायद्याच्या पाच चुका काढल्या.

"मामा, निदान शिक्षा तरी कमी करून घेऊ."

"कमी कशाला? म्या फसवलंच न्हाय. एक दिस जरी आत बसलो, तर बाजारात माझ्या दावणीचं जनावर कोण घेईल? वकीलसाब, बैलाला वर पुढं दात असतेत का?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं कबूल केलं.

"मग तुमी बी मॅजिस्ट्रेटच व्हायचे," तो म्हणाला.

मी परसात जाऊन घरमालकाच्या गाईचा ओठ उचलून पाहिला. परत येऊन पाचही मुद्दे खोडले आणि एकच लिहिला: पंचनामा खरा आहे, पण तो रियासतीतल्या प्रत्येक बैलाबद्दल खरा आहे.

सुनावणी आठ महिन्यांनी लागली. जज्जसाहेब एखादा ग्रंथ दाखवा म्हणाले.

"हुजूर, आपल्या दमणीचे बैल बाहेरच उभे आहेत."

शेरवानी सावरत साहेब लिंबाखाली आले. चपराशानं आधी बैलाला अदबीनं बाजूला व्हायला सांगितलं. माझ्या अशिलानं सरळ ओठ उचलला. वर पुढं नुसती हिरडी. दुसऱ्या बैलाचीही तीच गत.

"सरकारी बैल बी फसवे निघाले की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

मग पेशकारांनी पुरावा म्हणून आणलेला खोंड पुढं आला. बाजारच्या पावतीवर खाली चार पक्के दात नोंदले होते. आता सहा निघाले.

"म्हाताऱ्याला नवं दात येतेत व्हय, हुजूर?"

हुजूर आत गेले. निकाल पाच पानांचा झाला. त्यात साडेचार पानं न्यायाची थोरवी होती आणि उरलेल्या अर्ध्यात माझा अशील निर्दोष सुटला.

पुढच्या बाजाराला मी त्याच्याबरोबर कळंबला गेलो. त्यानं दोन खोंड आणले होते. निकालाची नक्कल मुंडाशात खोचलेली. पहिलं गिऱ्हाईक आलं, तसा त्यानं कागद काढला. गिऱ्हाइकानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. खोंडाचा खालचा ओठ ओढून दात मोजले आणि बोटांच्या खुणांनी भाव करायला उपरण्याखाली हात घातला.