बायकोच्या नावावरची रमी

माझा धाकटा भाऊ त्या मंगळवारी अकोल्याहून आला तेव्हा माझ्याकडे भरतीचे फॉर्म भरायला अकरा मुलंमुली बसली होती. अमरावतीत कोचिंग क्लासच्या गल्लीत माझं ऑनलाइन सेंटर आहे. फॉर्म, फोटो, पॅनकार्ड, दाखल्यांचे अर्ज, जे लागेल ते तिथं होतं. भाऊ न कळवता कधी येत नाही आणि रिकाम्या हातानं कधी येत नाही. त्या दिवशी त्यानं दोन्ही केलं. काहीतरी मोठं बिघडलंय हे मला दारातच कळलं. मी त्याला खुर्ची दिली आणि आधी अकराच्या अकरा फॉर्म संपवले. मुदत त्यांनाही होती.

मग त्यानं सांगितलं. सांगायला त्याला अर्धा तास लागला, मी इथं थोडक्यात सांगते.

बोंडअळीनं कापूस खाल्ला ती वर्षं होती. भाऊ बियाणं-खताच्या दुकानात काउंटरवर काम करायचा. गिऱ्हाईक तुटलं होतं, उधारी बंद झाली होती, आणि रिकाम्या काउंटरवर बसून तो मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायला लागला. तो एकटा नव्हता. त्या चौकातले पाच-सहा जण खेळत होते. शेजारचा गादीवाला, पंक्चरवाला, पान ठेल्यावाला, सगळे.

खातं मात्र कुणीच स्वतःच्या नावानं काढलं नव्हतं. त्यामागचं कारण बाहेरच्या माणसाला सुचणार नाही. आमची चार एकर जमीन भावाच्या नावावर आहे, ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला दिलेली. तिच्यावरचं पीककर्ज थकलं होतं, आणि त्याच्या बँकेच्या खात्यात रुपया आला की बँक त्यावर होल्ड लावायची. आमच्याकडे तेव्हा घरोघरी हीच गत होती. त्यामुळे जे काही यायचं ते बायकोच्या नावावर घ्यायचं, अशी सवयच पडून गेली होती. रमी आली तेव्हाही कुणी दुसरा विचार केला नाही. बायकोचं आधार, बायकोचं पॅन, बायकोच्या नावाचं सिम. कागदावर पाहिलं तर अकोल्याच्या त्या चौकातल्या पाच-सहा बायका दिवसभर रमी कुटत होत्या. त्यांतल्या एकीलाही बदाम आणि इस्पिक ओळखता येत नव्हतं.

मग ती रमीची कंपनी एका सकाळी बंद पडली. खेळणाऱ्यांचे पैसे मात्र तिच्याकडे नव्हते. पैसे घेणारी आणि देणारी मधली एक पेमेंट कंपनी असते, रक्कम तिच्याकडे अडकली होती. भावाच्या खात्यात, म्हणजे भावजयीच्या खात्यात, बासष्ट हजार दिसत होते, पण काढता येत नव्हते. आठवड्यानं त्या कंपनीचा मेसेज आला. खातेदारानं स्वतः व्हिडिओ कॉलवर येऊन ओळख पटवायची, आधार दाखवायचं, फोनवर आलेला ओटीपी सांगायचा. पैसे खातेदाराच्याच नावाच्या बँक खात्यात जातील. महिन्याभरात कुणी आलं नाही तर पुढचं कंपनी बघेल.

चौकावर सुतकी कळा पसरली. कुणालाच घरी सांगायचं नव्हतं. पंक्चरवाल्यानं बायकोच्या जागी बहिणीला बसवून पाहिलं. समोरच्यानं दोन मिनिटांत कॉल कापला आणि खातं कुलूपबंद झालं.

एवढं ऐकूनही माझा भाऊ तेच डोक्यात घेऊन माझ्याकडे आला होता.

"ताई, तू बसून जाय न वं. आधारवरचा फोटो कोनाचाई वाटते."

"तिच्या जागी मी बसली तर जेलातई मीच बसीन," मी म्हटलं.

मग मी विचारलं की रमीत लावलेले पैसे होते कुणाचे. त्यानं मान खाली घातली, आणि खरी गोष्ट तेव्हा बाहेर आली.

माझी भावजय अठरा वर्षं घरात शिवणकाम करते. ब्लाउज, शाळेचे ड्रेस, साडीचे फॉल. एकच मशीन, स्वयंपाकघराला लागून. बाजारात नवीन गाळे निघाले तेव्हा तिनं कोपऱ्यातला एक पसंत केला. अनामत चाळीस हजार. तिनं ते ब्लाउजाब्लाउजानं जमवले आणि मालकाकडे भरायला नवऱ्याच्या हातात दिले. यानं "भरले" म्हणून सांगितलं आणि चार दिवसांसाठी रमीत लावले. जिंकतही गेला. त्याचे बासष्ट झाले आणि मग दार बंद झालं. गाळ्याच्या मालकानं शनिवारपर्यंत वाट पाहतो म्हणून बजावलं होतं. त्यानंतर गाळा एका मोबाइल कव्हरवाल्याला जाणार होता.

मी सेंटरचं शटर ओढलं आणि त्याच्याबरोबर दुपारच्या गाडीत बसले. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत तो मला विनवत होता की तूच तिला सांग. मी म्हटलं, मी शेजारी बसते, तोंड तुझं.

भावजय काजं करत होती. त्यानं सांगितलं ते तिनं सुई न थांबवता ऐकलं. मला वाटलं आता भांडी पडतील. तिनं धागा तोडला.

"किती हाय तिथं?"

"बासष्ट हजार."

"आन माहे किती होते?"

"चाळीस."

"मंग तोंड काहून पाडलं?"

भावाच्या जिवात जीव आला, आणि इथंच त्यानं चूक केली. पैसे बुडाले नाहीत म्हटल्यावर तो वाटणीवर आला. चाळीस तुझे, वरचे बावीस माझे, कारण डोकं माझं चाललं. भावजयीनं त्याला साधे प्रश्न विचारले. खातं कुणाच्या नावानं? तुझ्या. सिम? तुझ्या. आधार, पॅन? तुझंच.

"मंग तुमचं काय हाय त्याच्यात?"

त्यानं खिशावर हात मारला. "फोन माहा हाय. ओटीपी इथंच येते."

आणि तो चौकात निघून गेला. फोन खिशात, ओटीपी फोनात, म्हणजे भावजय संध्याकाळपर्यंत कबूल होईल असा त्याचा हिशोब होता.

भावजय माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, आधार घे आणि चप्पल घाल.

सिम हरवलं, खराब झालं, दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, तर ज्याच्या नावावर आहे त्याला त्याच नंबरचं नवीन मिळतं आणि जुनं बंद होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आठवड्यातून दोनदा हे सांगते. मोबाइलच्या दुकानात तिनं अंगठा दिला, फोटो काढला. त्याच दुकानातून आम्ही समोर कॅमेरा असलेला एक जुना फोन घेतला. पाच वाजता तिच्या हातातल्या फोनला रेंज आली आणि चौकातल्या फोनची गेली. गादीवाल्यानं मला नंतर सांगितलं की भाऊ तासभर फोन वर धरून चौकात इकडून तिकडे फिरत होता, टॉवरला शिव्या देत होता.

दुकानदारानं एक गोष्ट बजावली होती. नवीन सिमवर पहिले चोवीस तास मेसेज येत नाहीत. म्हणजे बुधवार संध्याकाळपर्यंत ओटीपी नाही. हातात उरले गुरुवार आणि शुक्रवार. शनिवारी अकोल्याची बँक उघडी असते की नाही हे मी आधी पाहून घेतलं. पहिला शनिवार होता, उघडी होती.

रात्री भाऊ जेवायला आला. सिमचं त्याला समजलं होतं. भावजयीनं वाढलं, पोळी जास्तीची दिली. तिच्या जागी मी असते तर दिली नसती.

बुधवार आम्ही वाया घालवला नाही. तिचं जुनं खातं होतं, पण त्याचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. मी तिला दुसऱ्या बँकेत नेलं आणि नवीन खातं काढलं. काउंटरवरच्या बाईनं एटीएमचा फॉर्म पुढे केला. भावजय म्हणाली, फक्त पासबुक द्या. त्या बाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फॉर्म परत ठेवून दिला. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

भीती होती ती हिंदीची. कॉलवर हिंदीत बोलतात म्हणून भावजय धास्तावली होती. गादीवाल्याची बायको भिंतीपलीकडे राहते. घरात उर्दू, बाहेर वऱ्हाडी, दोन्ही तिच्या जिभेवर. ती येऊन बसली आणि दुपारभर साहेब झाली. नाम बताइए, पता बताइए. भावजय उत्तरं देत गेली. मी मध्ये एक सल्ला दिला. खातं तुम्ही स्वतः चालवता का असं विचारलं तर हो म्हणायचं आणि पुढं काही बोलायचं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. फॉर्म भरताना मी नेहमी तेच सांगते, विचारलं तेवढंच लिहा.

गुरुवारी अकराला कॉल लागला. समोर विशीतली एक मुलगी, कानाला हेडफोन, मागं निळी भिंत. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आधार धरायला लावलं, मान डावीकडे, मान उजवीकडे. ओटीपी आला, भावजयीनं सहाही आकडे सुटे सुटे वाचले. सगळं सुरळीत चाललं होतं. भाऊ दुकानात न जाता दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

मग मुलीनं विचारलं, "मॅडम, ये अकाउंट आप खुद चलाती थीं?"

भावजयीनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"खाता मेरा है, पैसा मेरा है. खेलनेवाला दरवाजे में खडा है."

 चाळीस हजार, बासष्ट हजार, गाळा, सगळं गेलं असं मला वाटलं. मुलीनं काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली की कॉल चालू असताना खोलीत दुसरं कुणी नको, त्यांना बाहेर जायला सांगा. भावजयीनं मान वळवली. भाऊ बाहेर गेला. माझ्याकडेही बोट झालं, मीही गेले. आम्ही दोघं भाऊबहीण ओट्यावर उन्हात बसलो. तो म्हणाला, बिघडवलं तिनं. मलाही तेच वाटत होतं.

दहा मिनिटांनी तिनं आत बोलावलं. कॉल संपला होता. घरातल्या माणसानं खातं वापरलं, असं लिहायची सोय त्या कंपनीच्या फॉर्मात होतीच. मुलीनं सांगितलं होतं की असं बहुतेक ठिकाणी असतं, पण कबूल कुणी करत नाही, आणि नंतर कंपनीला पुरावे मागत बसावं लागतं, त्यातच मुदत निघून जाते. भावजयीनं फक्त एका कागदावर स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं होतं की जे झालं ते असं झालं आणि यापुढे माझी कागदपत्रं खेळाला वापरली जाणार नाहीत. मराठीत चालेल. तिनं लिहिलं, सही केली, मी फोटो काढून पाठवला. वीस वर्षं लोकांचे फॉर्म भरते आहे, पण त्या दिवशी माझा सल्ला ऐकला असता तर ती अडकली असती, हे मला मान्य करावं लागतं.

शुक्रवार कोरडा गेला. भाऊ दर तासाला विचारायचा. भावजय शाळेचे ड्रेस शिवत राहिली, मी तिला बटणं लावून दिली, वाकडी लागली म्हणून तिनं ती उसवली.

शनिवारी साडेदहाला फोन वाजला. पूर्ण रक्कम जमा. भावजयीनं मेसेज मला वाचायला लावला, मग स्वतः वाचला, मग भिंतीपलीकडे जाऊन गादीवाल्याच्या बायकोकडून वाचून घेतला. बँकेत रांग होती. तिनं पासबुकानं चाळीस हजार काढले आणि मधे कुणाच्या हातात न देता थेट गाळ्याच्या मालकाच्या टेबलावर ठेवले. मालकानं पावती कुणाच्या नावे करू म्हणून सवयीनं माझ्या भावाकडे पाहिलं. भावानं, त्याला श्रेय देते, बायकोकडे बोट दाखवलं. मोबाइल कव्हरवाला बाहेरच उभा होता. तो पायरीवरूनच मागे वळला.

उरलेल्या बावीस हजारांचं काय, हे भावानं परत येताना ऑटोत विचारलं. अगदी हलक्या आवाजात.

"जिंकले तुमीच, मी नाई कुठं म्हंतो," भावजय म्हणाली. "तुमाले एक शर्ट शिवून देईन. बाकीच्याचं पिको मशीन घेतो."

शर्ट तिनं खरंच शिवून दिला. दुहेरी शिलाईचा, चांगला. रमी त्यानं सोडली का, तर त्या खात्यावरची नक्की सुटली. बाकी त्याच्या मनातलं मला माहीत नाही. पण एटीएम कार्ड त्यानं आपण होऊन परत दिलं, आणि त्याच महिन्यात बँकेत जाऊन थकलेल्या कर्जाचे हप्ते बांधून आला.

पुढच्या आठवड्यात गाळा उघडला तेव्हा मी लॅपटॉप घेऊन गेले, कारण भावजयीनं फोनवर तसं सांगितलं होतं. नवीन शटर, नवीन मशीन, आणि ब्लाउजाच्या मापाला एकही बाई नाही. होत्या त्या गादीवाल्याची बायको, पान ठेल्यावाल्याची, पंक्चरवाल्याची आणि आणखी दोघी. पाचही जणींच्या हातात आधारकार्ड, नवं सिम आणि कोरं पासबुक. गोष्ट भिंतीपलीकडून निघून चौकभर झाली होती. पंक्चरवाल्याचं खातं कुलूपबंद होतं, तेही त्याच्या खऱ्या बायकोनं समोर बसून उघडवलं, त्याला दुपारचे तीन वाजले. मी प्रत्येकीकडून फॉर्मचे नेहमीचे पन्नास रुपये घेतले. भावजयीनं प्रत्येकीचं माप घेतलं. पाचही जणींचे नवरे तोपर्यंत समोरच्या रसवंतीवर बसून होते, आत यायची परवानगी नव्हती म्हणून.